दुसरी माती

"पाटा आणा गं कुणीतरी," बानूबाई म्हणाली.

दैवशाला हंड्याखाली तुराट्या सारत होती. मढ्याला घालायचं पाणी तापायला ठेवलेलं, आणि सासूला आता पाटा कशाला हवा ते तिला कळेना. रात्रभर जागून म्हातारीचं डोकं फिरलं की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं.

"पाटा काय करायचा आत्याबाई? आज चूल पेटायची न्हाय आपल्यात."

"वाटायला नको. चुडा फोडायला पायजे."

अंगणात बसलेल्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या. बानूबाईचा नवरा समोरच बाजेवर बसला होता ना! धुळाप्पा, पंच्याहत्तरीचा, तांबडा पटका बांधलेला, हातात विझलेली बिडी. चांगला जिताजागता. मेला होता तो त्याचा थोरला भाऊ रामहरी. काल दिवस मावळताना तो मेंढवाड्याच्या दारात मेंढरं मोजत बसला होता, आणि मोजता मोजता कुडाला टेकून तसाच राहिला.

"अगं बया बया!" शेजारच्या सिताबाईनं तोंडाला पदर लावला. "धनी जिता बसलाय आन् चुडा? कसलं अभद्र बोलायलीस बाने!"

"धनी मेलाय माझा," बानूबाई म्हणाली. "पयला धनी."

झालं. त्रेपन्न वर्षं ज्या गोष्टीवर ह्या घरानं दगड ठेवला होता, तो म्हातारीनं एका शब्दात उचलला. दैवशालेला धडकीच भरली. ती ह्या घरात नांदायला आली तेव्हा तिला सगळी हकिकत पाणवठ्यावर कळली होती, घरात नाही. ईट गावातल्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक होती.

एकाहत्तरच्या लढाईत रामहरी हवाई दलाच्या विमानात बिनतारी यंत्रावर होता. विमान सरहद्दीपलीकडं पडलं. तार आली की बेपत्ता आहे, जगल्याची आशा कमी. महिनाभर वाट बघून बापानं, बिरप्पानं, शेतातल्या लिंबाखाली खड्डा काढला, कणकेचा बाहुला केला, त्याला रामहरीचा शाळेतला सदरा घातला आणि माती दिली. अठरा वर्षांच्या बानूचा चुडा फोडला. बानूचे माहेरचे तिला न्यायला आले, पोर तरणी आहे, दुसरीकडं देऊ म्हणाले. बिरप्पा म्हणाला, माझी सून कुठं जात न्हाय. पाडव्याच्या तोंडावर, अंधाऱ्या रात्री, तिचा धाकट्या दिराशी पाट लावून टाकला.

आणि बाहत्तरच्या डिसेंबरात रामहरी चालत आला. कैदेतून सुटून, उजवा पाय ओढत.

मग पंच बसले. ज्याची माती झाली तो मेला, म्हणाले, हा नवा जल्माला आलेला गडी. त्याला दारातून नाही, भिताडावरून घरात घेतलं, मेंढीच्या दुधानं न्हाऊ घातलं आणि खांद्यावर घोंगडी टाकली. नव्या जल्माच्या लेकराला बायको कुठनं आली? बानू तेव्हा आठ महिन्यांची पोटुशी होती. न्याय झाला म्हणून पंचांनी पान खाल्लं. रामहरी म्हणे हसला होता.

"आत्याबाई, तुमच्या पाया पडते," दैवशाला खालच्या आवाजात म्हणाली. "अप्पांकडं तरी बघा."

"बघायले की," बानूबाई म्हणाली. "त्रेपन्न वर्सं त्येंच्याकडंच बघायले."

*

महारुद्रानं, दैवशालेच्या नवऱ्यानं, आईला दंडाला धरून गोठ्यामागं नेलं. तो झेडपीच्या शाळेत हेडमास्तर. तमाशा त्याला सोसत नसे. त्यातून तालुक्याच्या भूमहून माजी सैनिक संघटनेची माणसं पुष्पचक्र घेऊन निघाली होती.

"आई, तू आबांच्या नावानं एकदा फोडलायस चुडा. एका माणसासाठी दोनदा फोडत नाहीत."

"त्यो कणकंच्या बाहुल्यासाठी फोडला. ह्यो माणूस हाय."

"आणि अप्पा? त्यांनी काय करायचं? जिवंतपणी बायकोला विधवा झालेलं बघायचं?"

महारुद्राचा आवाज चढला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर आलं.

"माझा विचार केलास का? तू आबांची बायको, तर अप्पा तुझे कोण? आणि मी कुणाचा?"

"तू माझा," म्हातारी म्हणाली. "त्यात काय इचारायचं येड्या?"

तिनं त्याच्या छातीवर हात ठेवला. हात थंडगार होता.

"ऐक. तवा म्या सासऱ्याच्या पाया पडले हुते. म्हणलं, आजून दोन महिने दम खावा. फौजेतला माणूस हाय, जिता असंल तर चिठ्ठी धाडंलच. चिठ्ठी न्हाय आली तर मग तुमी म्हणाल तसं. तुझे अप्पा रोज टपालात जायाचे. सांजंला येऊन मान हलवायचे. न्हाय आली वयनी, म्हणायचे. तवा मला वयनी म्हणायचे ते."

"मग?"

"मग काय? चिठ्ठी न्हाय आली. बसले पाटाला. आन् तुझे आबा परत आले, तवा पयला सवाल काय केला ठाव हाय? जेवायला मागितलं न्हाय, पाणी मागितलं न्हाय. म्हणले, माझं पत्र पोचलं का? सगळे म्हणले, न्हाय. पुन्यांदा कवा इचारलं न्हाय त्येंनी."

महारुद्राला आबा आठवले. निवृत्त होऊन गावी आले तेव्हाचे. छपराखाली कधी झोपले नाहीत, थंडीतसुद्धा मेंढवाड्यात. मेंढरं सकाळ-संध्याकाळ मोजायची, एक कमी भरलं तर तोंड पांढरं पडायचं. जेवताना अर्धी भाकरी गुपचूप उशाखाली जायची. लहानपणी तो हसायचा ह्या सगळ्याला. एकदा आबा म्हणाले होते, "तिथं मोजणीत एक जण कमी भरला की सगळ्यांना उभं ठेवत्यात, बाळा." बस्स. वर्षभराच्या कैदेबद्दल जन्मात तेवढंच बोलले.

लग्न केलं नाही. लिंबाखालच्या स्वतःच्या थडग्यावर बसून तंबाखू चोळायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायचे, बसा की, घरचीच जागा हाय. लोक हसायचे. आई कधी हसली नाही.

"चाळीस वर्सं त्येंला ताट वाढलं म्या," बानूबाई म्हणाली. "त्येंनी कवा मान वर करून बघितलं न्हाय. ताट म्होरं आलं की काठाला दोन टिचक्या मारायचे, तेवढंच. आज तरी मला त्येंचं कुणीतरी होऊ द्या रं."

महारुद्र रडला नाही. पण आईचा दंड त्यानं सोडला, आणि तो धरून ठेवायचा आता धीरही उरला नव्हता.

*

अमरसिंह नावाचा माजी हवालदार पुष्पचक्र घेऊन आला. ताठ उभा राहून त्यानं प्रेताला सलाम केला आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेबांचं कुटुंब कोण? पहिलं फूल त्यांच्या हातानं असतं."

महारुद्र बापाजवळ गेला.

"अप्पा, तुम्हीच सांगा आईला. तुमचं ऐकेल."

धुळाप्पानं बिडी खाली टाकली. "करू दे तिला काय करायचं ते," तो म्हणाला. "पर आदी दादाला घाला खड्ड्यात. ऊन चढायलंय."

लोकांना वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस! सिताबाईनं तर डोळे पुसले. धुळाप्पाच्या डोक्यात मात्र चुडा नव्हता, घोंगडी होती. मेंढवाड्यात रामहरीच्या अंथरुणावर पडलेली काळी घोंगडी. थोरल्या आबांना ह्याच घोंगडीत गुंडाळायचं, असं त्यांनीच सांगून ठेवलंय म्हणून नात अक्षदा ती आणायला गेली होती.

जाऊ दे मातीत, तो मनात म्हणत होता. बिरोबा, एवढी एक जाऊ दे.

बाहत्तरच्या मार्चात पोस्टमन त्याला ओढ्यात गाठून कार्ड देऊन गेला होता. एकवीस वर्षांचा होता तो. सातवी शिकलेला, वाचता येत होतं. उन्हात उभं राहून त्यानं तीन ओळी वाचल्या, आणि पहिल्यांदा खरंच आनंदानं ओरडला. ओढ्यातली मेंढरं बुजली होती. मग घराकडं निघाला. वाटेत बानू दिसली, डोईवर घागर, कपाळ मोकळं. ती म्हणाली, आली का चिठ्ठी? आणि त्यानं मान हलवली.

का हलवली, हे त्यानं स्वतःला हजारदा विचारलं होतं. उत्तर नेहमी एकच यायचं आणि ते त्याला आवडायचं नाही.

कार्ड जाळायला हात झाला नाही. भावाचं अक्षर होतं. मेंढवाड्यावर बाप हाका मारत होता, खांद्यावर कोरी घोंगडी होती. तिचा एक कोपरा दुमडून कार्ड आत घातलं आणि काळ्या लोकरीच्या दोऱ्यानं, दाभणानं, शिवून टाकलं. उद्या काढू, उद्या सांगू. आणि चौथ्या दिवशी बाप म्हणाला, पाटाला ती कोरी घोंगडी अंथर. आता कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? डिसेंबरात पंचांनी तीच उचलून रामहरीच्या खांद्यावर टाकली. ती घोंगडी मग रामहरीबरोबर कुठं कुठं नोकरीवर फिरली आणि परत आली. दादाला ठाऊक नाही, एवढ्या एका विचारावर धुळाप्पानं जिंदगी काढली होती. दादा त्याला कधी वाकडं बोलला नाही, मग कसं ठाऊक असेल?

अक्षदा घोंगडी घेऊन आली. तिनं ती मढ्याशेजारी पसरली.

"तशीच घाला," धुळाप्पा म्हणाला. "झटकू बी नका."

मढ्याला आंघोळ घालून करदोटा तोडत बसलेला भावकीतला म्हातारा वीरप्पा वर बघून म्हणाला, "थांबा. ह्या कोपऱ्याला शिवण हाय. घोंगडीला कुठं शिवण असती?"

"फाटली असंल," धुळाप्पा म्हणाला.

"फाटू दे न्हायतर काय बी हू दे. मढ्यासंगं गाठ आन् शिवण जात न्हाय आपल्यात. जीव गुतून बसतो. उसव गं पोरी."

"ऱ्हाऊ दे वीरबा! पन्नास वर्सं हुती ती शिवण, आता काय बिघडतंय?"

एवढा मोठा आवाज धुळाप्पाचा कुणी ऐकला नव्हता. बानूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. अक्षदानं पाहिलं. आणि अक्षदानं वीरप्पाजवळचं ब्लेड शिवणीला लावलं, कारण ती थोरल्या आबांची लाडकी होती आणि त्यांचा जीव गुंतून राहावा असं तिला मुळीच वाटत नव्हतं.

"दोरा किती घट्ट आहे," ती म्हणाली. "निळा आहे. आबांच्या जुन्या गणवेशाचा असतो ना, तसला."

निळा?

धुळाप्पा बाजेचा काठ धरून उठला, पुढं आला आणि वाकून बघू लागला. काळी लोकर कुठंच नव्हती. बारीक, सारखे, फौजी टाके. निळे. तो तिथंच, मढ्याच्या पायाशी, मातीत बसला.

*

कार्ड पिवळं पडलं होतं, पण अक्षर शाबूत होतं. अक्षदानं वाचलं. वाचताना तिला आपण काय वाचतोय ते नीट कळत नव्हतं, म्हणून आवाज स्वच्छ आला.

"वर छापील इंग्रजी आहे. युद्धकैद्याचं पत्र. खाली आबांचं अक्षर. मी जिवंत आहे. पाय मोडला होता, जुळतो आहे. बानूला सांगा, मी येतो, वाट बघ. अकरा फेब्रुवारी बाहत्तर." तिनं कार्ड उलटं केलं. "इकडं भूम पोस्टाचा शिक्का आहे. सात मार्च. आणि खाली वेगळ्या शाईत अजून एक ओळ आहे."

"वाच," बानूबाई म्हणाली.

"पोचलं. एकवीस डिसेंबर बाहत्तर."

अक्षदानं त्या ओळीवर बोट ठेवलं. "आबांनी मला शिकवलं होतं," ती म्हणाली. "त्यांच्या यंत्रावर समोरच्याचा निरोप मिळाला की तसं कळवायचं असायचं. कैदेत भिंतीवर टिचक्या मारून बोलायचे. दोन टिचक्या म्हणजे पोचलं."

बानूबाई जागची हलली नाही. तिच्या डोळ्यांपुढून चाळीस वर्षांची ताटं गेली असतील.

"परत आल्यावर आठ-धा दिसातच त्येंला घावलं म्हणा," ती हळू म्हणाली. "आन् माझं पोट बघून पुन्ना शिवून टाकलं." मग ती धुळाप्पाकडं वळली. "ही तीच घोंगडी नव्हं? आपण बसलो ती?"

"व्हय."

"कुठला कोपरा?"

धुळाप्पा मातीत बोटानं रेघा ओढू लागला.

"इचारते म्या. कुठला कोपरा?"

"तुज्या बाजूचा," तो म्हणाला.

"म्हंजी म्या माज्या नवऱ्याच्या चिठ्ठीवर बसून तुमच्या नावाचं कुंकू लावलं."

"अप्पा!" महारुद्र ओरडला. "अहो, खोटं आहे म्हणा! काहीतरी बोला!"

"काय बोलू?" धुळाप्पानं पटका काढून मांडीवर ठेवला होता, उघडं टक्कल उन्हात चकाकत होतं. "मला ती पायजे हुती. दुसरं काय बी न्हाय. दादा मेलाच असंल, कार्ड धाडून मागनं मेला असंल, असं सोताला सांगायचो. मरू दे, असं बी एकदा मनात आलं. आन् त्यो आला. चाळीस वर्सं माज्या ताटाला ताट लावून जेवला. ठाव असून जेवला, बाने. मला कवा एक शब्द बोलला न्हाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं गं."

महारुद्र बापाकडं बघत राहिला. थोड्या वेळापूर्वी ह्याच माणसाची बाजू घेऊन तो आईशी भांडला होता. ते आठवून त्याला शरम वाटली, आणि बापाची कीवही आली. दोन्हीचं काय करावं ते कळेना म्हणून तो बाजूला जाऊन कुडाला पाठ लावून उभा राहिला.

दैवशाला उठली. घरात गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांत दगडी पाटा होता. सकाळपासून जी सासूला अडवत होती, तिनंच तो सासूपुढं ठेवला आणि शेजारी बसून तिची मनगटं धरली.

"फोडा आत्याबाई," ती म्हणाली. "म्या धरते."

हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या. आवाज फार झाला नाही. शेवटची एक फुटेना, तेव्हा दैवशालेनं वरवंटा घेऊन ती फोडली. बानूबाईच्या मनगटाला काच लागली, बारीक रक्त आलं. तिनं ते पुसलं नाही. अमरसिंह हवालदारानं न सांगता पुष्पचक्रातलं एक फूल काढून तिच्या ओंजळीत दिलं आणि तिनं ते रामहरीच्या छातीवर ठेवलं. त्रेपन्न वर्षांत ती पहिल्यांदाच त्याला शिवत होती. तेव्हा कुठं तिला हुंदका फुटला, आणि मग काही केल्या आवरेना.

*

बायका मातीला जात नाहीत, पण त्या दिवशी बानूबाईला आणि तिच्या सुनेला, नातीला कुणी अडवलं नाही. कार्ड तिनं पदराच्या गाठीला बांधलं होतं. अक्षदा म्हणाली, आज्जी, आबांबरोबर ठेवू या का? तर म्हणाली, "त्येंचं न्हाय ते. माज्या नावानं आलंय."

लिंबाखाली जुन्या जागीच खड्डा काढला होता. ती जागा रामहरीनं स्वतः सांगून ठेवलेली. खणताना कुजलेल्या सदऱ्याची चिंधी आणि एक शिंपल्याचं बटण निघालं, ते वीरप्पानं कडेला दगडावर ठेवलं होतं. रामहरीला त्याच्या काळ्या घोंगडीत गुंडाळून खाली सोडलं. उसवलेला कोपरा तोंडापाशी आला. बानूबाईनं कमरेला बांधून आणलेली अर्धी भाकरी काढली आणि वाकून त्याच्या उशाशी ठेवली. कालची होती, त्याच्याच अंथरुणाखाली सापडलेली.

मग मूठमाती. पहिली महारुद्रानं टाकली. त्याच्यामागून दैवशाला, अक्षदा, अमरसिंह, गावची माणसं. सगळ्यात शेवटी धुळाप्पा आला. त्याला कुणी धरलं नव्हतं. गुडघ्यावर हात देत तो वाकला, ढिगातली मूठभर माती घेतली आणि खड्ड्यावर हात लांबवला.

"तुमी न्हाय," बानूबाई म्हणाली.

त्यानं तिच्याकडं बघितलं.

"तुमची टाकून झालीय," ती म्हणाली. "बाहत्तर साली."

धुळाप्पानं हात मागं घेतला. वीरप्पा काही बोलणार होता, पण बानूबाईचं तोंड बघून त्यानं फावडं उचललं आणि माती लोटायला सुरुवात केली. माणसं एकेक करून माघारी निघाली. बानूबाई नातीच्या खांद्यावर हात ठेवून गेली, तिनं मागं वळून पाहिलं नाही. थडगं रचून झालं, वर दगड ठेवला, तरी धुळाप्पा तिथंच उभा होता. महारुद्रानं शेवटी येऊन त्याला दंडाला धरलं आणि घराकडं चालवलं. दारात पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. पाणी ओतताना महारुद्र म्हणाला, "अप्पा, हात पुढं करा."

त्यानं हात पुढं केला. मूठ अजून बंदच होती.